गुलाबी बोंडअळीतील प्रतिकारशक्ती रोखण्यासाठी कपाशीच्या हंगामाची आखणी

कपाशीवर फवारणी करूनही अळी मरत नाही असे दिसले, की शेतकरी बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतो. तो त्याच औषधाची मात्रा वाढवतो, नाहीतर कृषी सेवा केंद्रातून नव्या नावाची बाटली आणतो. पहिल्या मार्गाने शेतात फक्त सर्वांत चिवट अळ्या शिल्लक राहतात, आणि दुसऱ्या मार्गाने बरेचदा तेच विष वेगळ्या वेष्टनात घरी येते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील खरीप कपाशी डोळ्यांसमोर ठेवून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. त्यात फवारणीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व तारखांना दिलेले आहे, कारण गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत उपासमार हा एकच उपाय असा आहे की ज्याला तिच्याकडे अजून उत्तर नाही.

प्रतिकारशक्ती कशी तयार होते हे समजल्याशिवाय पुढची आखणी पटणार नाही. एखादी अळी विष खाऊन खाऊन त्याला सरावते, असे घडत नाही. लाखो अळ्यांमध्ये थोड्या अळ्या जन्मतःच वेगळ्या असतात: कुणाच्या शरीरात विष लवकर विघटित होते, तर कुणाच्या शरीरात विष जिथे जाऊन चिकटते ती जागाच बदललेली असते. फवारणीत बाकीच्या मरतात, या वाचतात आणि त्यांचे आपसांत मीलन होते. गुलाबी बोंडअळीची एक पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते आणि एका हंगामात चार ते सहा पिढ्या होतात, म्हणून एकच विष सलग वापरले, तर ही निवड हंगामातल्या प्रत्येक पिढीवर होत राहते.

आपल्याकडे हे याआधीही घडले आहे. १९८० च्या सुमारास पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके कपाशीवर आली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस, १९८७ च्या हंगामात, आंध्र प्रदेशातील कापूस पट्ट्यात अमेरिकन बोंडअळी ही कपाशीवरची दुसरी कीड त्यांना दाद देईनाशी झाली. मार्च २००२ मध्ये क्राय१एसी हे एक विष असलेल्या बीटी कपाशीला (बीटी जिवाणूच्या जनुकामुळे झाडातच विष तयार करणाऱ्या कपाशीला) मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरे विष जोडलेले वाण आले. २०१० मध्ये गुजरातेतील काही जिल्ह्यांतील गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला प्रतिकारक झाल्याचे जाहीर झाले, पुढच्या काही वर्षांत दुसरेही विष निकामी ठरत गेले, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्याने त्याचे परिणाम बोंडे फोडून स्वतःच पाहिले.

हेच तंत्रज्ञान अमेरिकेतील ॲरिझोनात वापरले गेले, आणि तेथे ही कीड टिकली नाही. तेथील शेतकऱ्यांनी बिगर-बीटी कपाशीचे आश्रय क्षेत्र (साध्या, प्रतिकार नसलेल्या अळ्या जगाव्यात म्हणून राखलेला भाग) नियमाने पेरले, नंतर वंध्य पतंग मोठ्या प्रमाणावर सोडण्यात आले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे आश्रयाचे बियाणे बांधावर फेकले गेले, हे उघड आहे. त्याखेरीज आपण जवळजवळ सर्वत्र संकरित वाण लावतो. संकरित झाडाच्या बोंडातील सरक्या सारख्या नसतात: काहींत दोन्ही विषे असतात, काहींत एकच असते आणि काहींत एकही नसते. ही अळी सरकी पोखरूनच जगते, त्यामुळे एका बोंडातच तिला विषाच्या वेगवेगळ्या मात्रा चाखायला मिळतात. त्यात सहा-आठ महिने शेतात उभे राहणारे पीक आणि त्यानंतर घेतलेली फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेले तेच पीक) यांची भर पडली, की तिला आणखी काही लागत नाही.

आधी निदान करावे

औषध लागू पडले नाही, एवढ्यावरून प्रतिकारशक्ती सिद्ध होत नाही. नोझल झिजलेले असणे, पाणी कमी वापरल्यामुळे फवारा झाडाच्या आतील बोंडांपर्यंत न पोहोचणे, फवारणीनंतर पाऊस येणे, मुदत संपलेले किंवा बनावट औषध मिळणे, अशी साधी कारणे आधी तपासून वगळावीत. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत याहून मोठे कारण असते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी थोड्याच वेळात कळीत किंवा बोंडात शिरते आणि तिने केलेले बारीक छिद्र नंतर बुजून जाते. आत बसलेल्या अळीपर्यंत कोणतेही औषध धड पोहोचत नाही. म्हणून फवारणीनंतर जुनी बोंडे फोडून आत जिवंत अळी दिसली, तर त्यावरून औषधाची परीक्षा करू नये. परीक्षा करायची असेल, तर सापळ्यातील पतंगांची संख्या आणि फवारणीनंतर पोसलेल्या नव्या बोंडांतील प्रादुर्भाव पाहावा.

याउलट, फवारणी नीट झाली, मात्रा आणि वेळ बरोबर होती, शेजारच्या शेतातही तोच अनुभव आला आणि मागच्या हंगामातही त्याच गटाचे औषध कमी पडले होते, तर प्रतिकारशक्तीचा संशय धरावा. त्या गटाचे औषध त्या हंगामात पुन्हा वापरू नये, मात्रा वाढवून तर नाहीच.

पेरणीपूर्वी

हंगाम संपताना या अळीची शेवटची पिढी कोष न करता सुप्तावस्थेत जाते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, न फुटलेल्या बोंडांत किंवा जमिनीवरील पालापाचोळ्यात ती महिनोन्महिने पडून राहते. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसानंतर तिचे पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पाते किंवा कळी नसेल, तर हे पतंग पिढी पुढे न नेताच मरून जातात. मे महिन्यात ठिबकावर केलेली पूर्वहंगामी लागवड या पतंगांना नेमक्या वेळी पाते पुरवते. अशा एका शेतात वाढलेली पहिली पिढी पुढे गावभर पसरते.

म्हणून लागवड जून महिन्यात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि गावातील सर्वांनी शक्यतो एकाच सुमारास करावी. वाण निवडताना १४० ते १६० दिवसांत निघणारा निवडावा. लांब मुदतीच्या वाणाला चार बोंडे जास्त लागतात हे खरे आहे, परंतु ती बोंडे नेमकी ऑक्टोबरनंतर पोसतात, आणि तोपर्यंत अळीची संख्या शिखरावर गेलेली असते. वेचणीला आलेला कवडी (किडीमुळे नीट न फुटलेला, डागाळलेला) कापूस पाहिला, की त्या जास्तीच्या बोंडांचा हिशेब आपोआप होतो.

आश्रय पिकाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. नियमाप्रमाणे बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के यांपैकी जे जास्त असेल तेवढे आश्रय क्षेत्र ठेवायचे होते, आणि त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट मिळत असे. आता हे बियाणे मुख्य पाकिटातच मिसळून दिले जाते. त्यामागील विचार असा आहे की, बीटी विषाचा प्रतिकार बहुधा अप्रभावी जनुकामुळे येतो. म्हणजे अळीला आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळाले तरच ती जगते. आश्रय क्षेत्रात वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचे मीलन झाले, तर संतती बीटी झाडावर मरते.

काही शेतकरी तुरीच्या ओळींनाच आश्रय समजतात. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो असे बरेच काही खाते, त्यामुळे तिच्यासाठी तुरीचा आश्रय उपयोगी पडतो. गुलाबी बोंडअळी मात्र कपाशीवर आणि थोडीफार भेंडीसारख्या त्याच कुळातील पिकांवर जगते, तुरीवर नाही. तिच्यासाठी तुरीच्या ओळी असून नसल्यासारख्याच असतात. गुलाबी बोंडअळी दोन्ही विषांना आधीच प्रतिकारक झाल्यामुळे आता आश्रय कशाला ठेवायचा, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की अमेरिकन आणि ठिपक्यांच्या बोंडअळीवर बीटीचा उपयोग अजून होतो, आणि तो टिकवायचा असेल तर आश्रयही टिकवावा लागेल.

पहिले ६० दिवस

या काळातील खरा प्रश्न तुडतुडे, मावा आणि फुलकिडे यांचा असतो, आणि हंगामातील पहिली चूकही येथेच होते. बाजारातील बीटी बियाण्याला बहुधा इमिडाक्लोप्रिडसारख्या निओनिकोटिनॉइड गटाच्या औषधाची प्रक्रिया कंपनीतच केलेली असते. म्हणजे पीक उगवतानाच रसशोषक किडींवर त्या गटाची एक फेरी होऊन गेलेली असते. त्यानंतर पहिली फवारणी इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड किंवा थायामेथोक्झामची केली, तर ती दुसरी फेरी ठरते, कारण ही तिन्ही एकाच गटातील आहेत. फवारणी टाळता येण्यासारखी नसेल, तर फ्लोनिकामिड किंवा बुप्रोफेझिन अशा वेगळ्या गटाकडे वळावे. त्याआधी ५ टक्के निंबोळी अर्क वापरून पाहावा. ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक शेतात दिसत असतील, तर चार दिवस थांबण्याने बहुधा काही बिघडत नाही.

सापळे आणि बोंडे

फवारणीचा निर्णय दिवस मोजून किंवा शेजाऱ्याचा पंप पाहून घेऊ नये. पीक ४५ दिवसांचे झाले, की एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट उंच लावावेत. त्यात गुलाबी बोंडअळीचीच लिंगप्रलोभिका म्हणजे गॉसिप्लूर असल्याची खात्री करावी, कारण अमेरिकन बोंडअळीची गोळी लावून सापळा रिकामा राहिला म्हणून निश्चिंत झालेली माणसे प्रत्येक गावात भेटतात. गोळी वेष्टनावरील मुदतीप्रमाणे, साधारणपणे तीन ते चार आठवड्यांनी, बदलावी.

सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळणे, ही आर्थिक नुकसानीची पातळी समजली जाते. फुलांच्या काळात डोमकळ्या मोजाव्यात: पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्यासारख्या, गुलाबाच्या अर्धवट उमललेल्या कळीसारख्या मिटलेल्या राहिल्या असतील, तर आत अळी असते. अशा कळ्या दिसताक्षणी तोडून नष्ट कराव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि मजुरीही लागते, परंतु पहिल्या पिढीतील एक अळी हाताने मारणे पुढच्या दोन फवारण्यांपेक्षा स्वस्त पडते, शिवाय हाताला प्रतिकार करणारी अळी नसते.

बोंडे लागल्यावर दर आठवड्याला एकरातील वेगवेगळ्या झाडांवरून, दोन ते तीन आठवड्यांची, २० हिरवी बोंडे तोडून दाबून फोडावीत. लहान अळी पांढरट असते आणि तिचे डोके तेवढे काळपट दिसते. गुलाबी रंग नंतर येतो, त्यामुळे गुलाबी काही दिसले नाही म्हणून बोंड निरोगी समजू नये. २० बोंडांत दोन जिवंत अळ्या आढळल्या, तर १० टक्क्यांची पातळी गाठली गेली आहे आणि फवारणी करणे योग्य ठरते.

गट ओळखून फवारणी

बाटलीवरील मोठ्या अक्षरांतील नाव हे कंपनीने दिलेले असते. त्याखाली बारीक अक्षरांत तांत्रिक नाव असते, आणि खरेदी त्या नावाने करावी. कीटकनाशकांचे वर्गीकरण ते किडीच्या शरीरात कोठे घाव घालतात यावरून केलेले असून प्रत्येक गटाला क्रमांक आहे. कपाशीत वारंवार लागणारे गट असे: १ए मध्ये थायोडिकार्बसारखी कार्बामेट औषधे, १बी मध्ये प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस आणि क्लोरपायरीफॉस, ३ए मध्ये सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट आणि लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन, ४ए मध्ये वर सांगितलेली निओनिकोटिनॉइड औषधे, ५ मध्ये स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम, ६ मध्ये इमामेक्टिन बेन्झोएट, २२ए मध्ये इंडोक्झाकार्ब आणि २८ मध्ये क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल.

यातील १ए आणि १बी यांचा घाव एकाच ठिकाणी बसतो. म्हणून क्विनॉलफॉसनंतर थायोडिकार्ब आणि त्यानंतर क्लोरपायरीफॉस मारले, तर तीन नावे बदलली, पण किडीच्या दृष्टीने फारसे काहीच बदलले नाही. तयार मिश्रणातील दोन्ही घटक मोजावेत. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण वापरले, तर १बी आणि ३ए हे दोन्ही गट त्या खेपेत खर्च झाले.

फेरपालट प्रत्येक फवारणीला करण्यापेक्षा प्रत्येक पिढीला करावा, असा यामागील नियम आहे. एका महिन्याचा एक टप्पा मानावा, त्या टप्प्यात गरज पडल्यास एकाच गटातील औषध वापरावे, आणि पुढच्या टप्प्यात त्या गटाला हात लावू नये. असे केले, तर एका गटातून वाचलेल्या अळ्यांची पिल्ले दुसऱ्या गटाच्या तावडीत सापडतात. उदाहरणार्थ, ६० ते ९० दिवसांच्या टप्प्यात १बी, ९० ते १२० दिवसांत गट ६, ५ किंवा २८ यांपैकी कोणताही एक, आणि १२० दिवसांनंतरच ३ए, अशी मांडणी करता येते. पायरेथ्रॉइड शेवटी ठेवण्याचे कारण असे, की ती लवकर वापरल्यास मित्रकीटक मारले जातात आणि पांढरी माशी उसळते. औषधाच्या लेबलवर कपाशी आणि बोंडअळी ही दोन्ही नावे छापलेली असतील तरच ते घ्यावे, मात्रा लेबलप्रमाणेच ठेवावी आणि फवारा पोकळ शंकूच्या नोझलने झाडाच्या आतील बोंडांवर पोहोचेल असा द्यावा.

ज्यांच्याकडे तूर आणि हरभराही आहे, त्यांनी गटांचा हिशेब पिकानुसार वेगळा ठेवून चालणार नाही. अमेरिकन बोंडअळी कपाशीवरून तुरीवर आणि तुरीवरून हरभऱ्यावर जाते. कपाशीत इमामेक्टिन, तुरीच्या फुलोऱ्यात इमामेक्टिन आणि हरभऱ्याला घाटे लागल्यावर पुन्हा इमामेक्टिन, हा क्रम तिच्या लागोपाठच्या पिढ्यांवर एकाच विषाचा मारा करतो.

एका पंपात दोन-तीन औषधे आणि वर एखादे टॉनिक कालवण्याची पद्धत सोडून द्यावी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. छातीइतक्या वाढलेल्या दाट कपाशीत, वाऱ्याच्या विरुद्ध, उघड्या अंगाने केलेली फवारणी जिवावर बेतते, मग ती किडीवर चालो वा न चालो. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे आणि फवारणीनंतर साबणाने आंघोळ, यांत सवलत नाही.

जैविक उपायांनाही मर्यादा आहेत

जैविक म्हणजे प्रतिकारशक्तीचा धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. बीटी जिवाणूची फवारणी वारंवार केल्यामुळे हवाई बेटांवरील कोबीवर्गीय पिकांतील चौकोनी ठिपक्यांचा पतंग तिला प्रतिकारक झाल्याची नोंद १९९० मध्ये झाली. युरोपातील सफरचंदाच्या बागांत फळ पोखरणाऱ्या अळीने विषाणूजन्य औषधालाही दाद देणे काही ठिकाणी सोडले. बीटी कपाशीवर बीटी जिवाणूची फवारणी तर करूच नये, कारण जे विष झाडात आहे त्याच प्रकारचे विष बाहेरून देऊन आपण निवडीचा दाब दुप्पट करतो. अमेरिकन बोंडअळीसाठीचे एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य औषध गुलाबी बोंडअळीवर चालत नाही.

तिच्याविरुद्ध उपयोगी पडतात ते अंड्यांवर जगणारे परोपजीवी कीटक. ट्रायकोकार्ड (अशा परोपजीवी कीटकांची पट्टी) फुलोऱ्याच्या सुरुवातीपासून आठवड्याच्या अंतराने, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला लावावीत आणि त्यानंतर काही दिवस रासायनिक फवारणी टाळावी. मीलनात अडथळा आणणाऱ्या कामगंध दोऱ्या किंवा जेल हा दुसरा चांगला उपाय आहे. शेतभर मादीचा गंध पसरल्यामुळे नराला मादी सापडत नाही आणि अंडीच घातली जात नाहीत. मात्र एकट्याच्या दोन एकरांत त्याचा परिणाम कमी राहतो, कारण बाहेर मीलन झालेल्या माद्या उडत आत येतात. शेजारच्या पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून सलग क्षेत्रावर तो केला तरच खर्च अंगावर येत नाही. अशा शेतात कामगंध सापळ्यांतील पतंगांची संख्या कमी येते, तेव्हा निर्णय बोंडे फोडूनच घ्यावा.

डिसेंबर

सर्व आखणी येथे टिकते किंवा कोसळते. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पीक उपटून शेत मोकळे करावे आणि फरदड घेऊ नये. भाव चढला आणि विहिरीला पाणी असले, की दोन पाणी देऊन आणखी दोन-चार क्विंटल काढण्याचा मोह होतो, आणि तो मोह समजण्यासारखा आहे. परंतु सुप्तावस्थेत जाणाऱ्या अळ्या याच बोंडांत पोसल्या जातात, आणि हंगामभर झालेल्या फवारण्यांतून वाचलेल्या असल्यामुळे त्याच सर्वांत जास्त प्रतिकारक असतात.

शेवटच्या वेचणीनंतर आणि फवारणीचा काळ बराच मागे पडल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या बसवाव्यात. त्या उरलेली हिरवी बोंडे आणि पाने खातात. मग पऱ्हाटी (कपाशीची उरलेली झाडे) श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडावी किंवा तिचे कंपोस्ट करावे, आणि खोल नांगरट करावी. सरपणासाठी पऱ्हाटी ठेवायचीच असेल, तर तिच्यावरील न फुटलेली बोंडे आधी झोडून, गोळा करून नष्ट करावीत, कारण अळी काडीपेक्षा बोंडात असते. बांधावर रचलेले बोंडांसकटचे ढीग पुढच्या जूनपर्यंत ठेवू नयेत. घरात साठवलेल्या कापसातून आणि जिनिंगच्या आवारातील सरकीतूनही पतंग निघतात, म्हणून कापूस उन्हाळ्यात घरी पडून राहू देऊ नये आणि जिनिंगजवळच्या शेतकऱ्यांनी तेथे एप्रिलपासून सापळे लावण्याचा आग्रह धरावा.

हंगामातील प्रत्येक फवारणीची तारीख, तांत्रिक नाव, गट क्रमांक, त्या आठवड्यातील सापळ्यातील पतंग आणि २० बोंडांतील अळ्या एका वहीत लिहून ठेवाव्यात. एखादा गट नीट वापरूनही दोन हंगाम कमी पडल्याचे वहीतून दिसले, तर ती वही आणि प्रादुर्भाव झालेली हिरवी बोंडे घेऊन जवळचे कृषी विज्ञान केंद्र, अकोला, परभणी किंवा राहुरीचे कृषी विद्यापीठ, किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था गाठावी. बोंडे हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत न्यावीत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत त्यांना पाणी सुटते, अळ्या वाटेतच मरतात आणि तपासणीसाठी जिवंत अळीच लागते.